घंटा ऐकू येते त्या गच्चीवर

'मी ४७ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विनाअनुदानित मराठी हायस्कूलमध्ये १९ वर्षं विज्ञान शिकवते. शिकवते म्हणू की शिकवत होते म्हणू, तेच कळेनासं झालंय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पट घटलाय, आठवी-नववीची एकेक तुकडी बंद होतेय, जूनपासून तुमची गरज नाही. लेखी काहीच दिलं नाही. उलट, मेअखेरपर्यंत राजीनामा लिहून द्या, अनुभवाचा दाखला चांगला देतो, असं म्हणाले. १ मेला निकाल वाटून घरी आले, तेव्हापासून मी गच्चीवरच असते. बादल्या, तेलाचे डबे, फुटकी टाकी, मिळेल त्यात माती भरून लावत सुटले आहे. अक्षय्य तृतीयेला दोडका, कारली, काकडी टोकली होती, ती आता वर चढायला लागली आहेत. मातीत हात असेपर्यंत बरं वाटतं, खाली उतरले की छातीवर दगड. मिस्टर साखर कारखान्यात क्लार्क आहेत. माणूस चांगला आहे, पण परवा म्हणाले, झाडांना पाणी घालून घर चालतं का? जाऊबाई म्हणतात, नर्सरी काढ. लेक पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आणि वाईला असलेल्या माझ्या आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. मी पळतेय का? आणि अजून एक. आमच्या गच्चीवर शाळेची घंटा स्पष्ट ऐकू येते. १५ जूनला ती वाजेल तेव्हा मी काय करू?'

– एक शिक्षिका

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त शेवटचा प्रश्न वाचला, घंटेचा. त्याच्याकडे मी येणार आहे, पण शेवटी. त्याचं उत्तर द्यायचं तर मला माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल.

आधी कागदाचं बोलू. बागेचं चार दिवस थांबलं तरी चालतं, कागदाला तारीख असते.

राजीनामा लिहून देऊ नका. 'नुसती फॉर्मॅलिटी आहे मॅडम' असं कुणी कितीही गोड बोलून म्हटलं तरी देऊ नका. तुम्ही नोकरी सोडत नाही आहात, ती तुमच्या हातून काढून घेतली जातेय, आणि कायद्याच्या लेखी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. स्टाफरूममध्ये 'एमईपीएस' म्हणतात ते हेच. आपली शाळा विनाअनुदानित, आपल्याला कसला कायदा, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. अनुदान मिळो न मिळो, हा कायदा खासगी शाळांना लागू आहे. पट घटला, तुकडी बंद पडली म्हणून कायम शिक्षकाला कमी करायचं तर नियम २६ प्रमाणे तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, शिक्षणाधिकाऱ्यांची आधी मंजुरी घ्यावी लागते आणि सेवाज्येष्ठता बघावी लागते. केबिनमध्ये बोलावून तोंडी सांगणं यात कुठेच बसत नाही. सेवा संपवल्याचा आदेश हातात पडलाच, तर त्याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, मात्र आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. तुम्ही राजीनाम्यावर सही केलीत, की तो दबावाखाली घेतला गेला हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल.

तेव्हा कपाटातली फाइल काढा. नेमणुकीचा आदेश, शिक्षणाधिकारी कार्यालयाची वैयक्तिक मान्यता असेल तर ती, सेवापुस्तकाची प्रत, पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक, जुनी वेळापत्रकं, अगदी स्नेहसंमेलनाच्या कामवाटपाचा कागद सापडला तर तोही. मग शाळेला एक छोटं पत्र द्या: मला तोंडी जे सांगण्यात आलं ते लेखी मिळावं, एवढंच. भाषा शांत ठेवा. पत्र आवक क्रमांक घेऊन द्या, घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. नंतर ती फाइल संघटनेतल्या एखाद्या जाणत्या माणसाला आणि न्यायाधिकरणाची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला दाखवा. तुमची नेमणूक कशी झाली, मान्यता कशी आहे, यावर पुढचं पुष्कळ ठरेल.

कोर्टकचेऱ्या नकोत, असं तुम्हाला वाटत असेल. त्यात काही गैर नाही. १९ वर्षं जिथे शिकवलं त्या संस्थेविरुद्ध उभं राहायला मन धजावत नाही, हे मी समजू शकते. पण तो निर्णय तुम्ही घ्या, सगळं समजून, सावकाश. मेअखेरच्या घाईत केलेली एक सही तो तुमच्या वतीने घेऊन टाकेल, एवढंच मला नको आहे.

लढा वा लढू नका, ग्रॅच्युइटी मागाच. २००९ च्या दुरुस्तीने ती शिक्षकांनाही लागू झाली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. हिशोब सोपा आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिला २६ ने भागा, १५ ने गुणा आणि सेवेच्या वर्षांनी गुणा. समजा ती रक्कम २६,००० असेल, तर १९ वर्षांचे २,८५,००० होतात. ही तुमची कमाई आहे. अनुभवाच्या दाखल्याच्या बदल्यात ती सोडून देण्यासारखी नाही. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तो खात्यात नीट जमा झालाय का, हेही पाहून घ्या. पेन्शनपात्र सेवेची दहा वर्षं भरली असतील तर ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क आहे, तेव्हा घाबरून सगळं खातं रिकामं करायला धावू नका.

झालं. आता गच्चीवर जाऊ.

तुमचं मूळ पत्र इथे छापलंय त्यापेक्षा बरंच मोठं होतं, वाचकांसाठी ते कमी करावं लागलं. जे गाळलं ते सगळं बादल्यांबद्दल होतं. कुठल्या डब्यात किती शेणखत घातलं, लाल माठाची दुसरी कापणी कधी झाली, मिरचीवर बोकड्या (पानं आखडवणारा रोग) आला तेव्हा पान उलटं करून तुम्ही भिंगातून काय पाहिलं. शाळेबद्दल मोजून सहा-सात ओळी होत्या. तुम्हाला हे पळणं वाटतं, कारण दुःख तिकडे आणि लक्ष इकडे, असं तुम्हाला दिसतंय. मला वेगळं दिसलं. भिंग घेऊन आजारी पानाकडे बघणारी बाई विज्ञान शिकवणारी बाई आहे. नोकरी गेली तरी ती बाई गच्चीवर रोज हजर असते.

बरं का वाटतं, त्याचाही विचार करा. १९ वर्षं शाळेने तुमचा दिवस तासिकांमध्ये कापून दिला. प्रार्थना, पहिला तास, छोटी सुट्टी, प्रॅक्टिकल, शेवटी वंदे मातरम्. नोकरी जाते तेव्हा पगाराच्याही आधी हे वेळापत्रक जातं. सकाळचे साडेदहा होतात, अंगाला निघायची सवय असते आणि निघायचं कुठेच नसतं. बाग त्या रिकाम्या अंगाला काम लावते. मेच्या उन्हात आठच्या आत पाणी घालायलाच हवं, तुमची मनःस्थिती कशीही असो. तुम्ही विज्ञानाच्या, म्हणून एक प्रयोगही सांगते. नेदरलँड्समधल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हौशी बागकाम करणाऱ्या ३० जणांना आधी डोक्याला ताण देणारं एक काम दिलं. मग काहींना अर्धा तास बाहेर बागकाम करायला लावलं आणि बाकीच्यांना घरात बसून वाचायला दिलं. ताणाशी जोडलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांमध्ये जास्त उतरलं, आणि त्यांचा मूडही पुन्हा चांगला झाला. म्हणजे तुम्हाला जे जाणवतं ते खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. मात्र तो अर्ध्या तासाचा ताण होता. तुमचा ताण रोज सकाळी नव्याने उगवतो. म्हणून आता वडिलांचं सांगते.

माझे वडील लालबागला एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते. मुंबईच्या गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. सुरुवातीचे महिने सभा, मोर्चे, वाट बघणं. पावसाळ्यात बाबा गावी जाऊन शेती करून आले. आले आणि त्यांनी चाळीच्या गॅलरीत डालड्याचा एक डबा ठेवला. तळाला खिळ्याने भोकं पाडली, नारळाची शेंडी अंथरली, वर माती भरून पानओव्याची एक फांदी खोवली. मग तुळस आली, पुदिना आला, लवंगी मिरची आली. वर्षभरात तेरा डबे झाले. घरातला चहाचा चोथा टाकून द्यायची कुणाची हिंमत नव्हती.

काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या तसा सकाळच्या पाळीचा भोंगा पुन्हा ऐकू येऊ लागला. त्याच्या आधी बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून, तांब्या हातात घेऊन गॅलरीत उभे असायचे. भोंगा झाला की पहिल्या डब्यात पाणी. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी शाळेची वेणी घालता घालता ते रोज बघायचे आणि मला वाटायचं, बाबा बरे आहेत.

ते बरे नव्हते. ते बोलत नव्हते. संपाबद्दल नाही, पुढे काय याबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. मी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'गिरणी कामगार' असा आणखी दोन वर्षं लिहीत राहिले. आईने शिवणयंत्र आणलं आणि रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवायला लागली. पुढे कधीतरी गावच्या जमिनीचे कागद शोधताना तिला ट्रंकेत, सातबाऱ्याच्या घडीत गिरणीचं पत्र सापडलं. नाव पटावरून कमी केल्याचं. दोन वर्षांपूर्वीचं. आई रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, 'दोन वर्षं मी मंगळवार धरतेय, तुमची गिरणी सुरू व्हावी म्हणून.'

ते वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही, आणि तुमच्या पत्रात 'लेकीला आणि आईला सांगितलेलं नाही' वाचलं तेव्हा तेच पहिलं आठवलं.

बागेने माझ्या वडिलांना जगवलं, यात मला शंका नाही. त्यांच्या सोबतचे काहीजण दारूत गेले, काही अंथरुणाला खिळले. बाबा पहाटे उठत राहिले. पण झाडाचा जो गुण आपल्याला आधार देतो, तोच घातही करतो. झाड काही विचारत नाही. त्याच्यापाशी 'काय झालं?' नाही, 'पुढे काय?' नाही. थकलेल्या माणसाला तशी जागा लागते. ती एकच जागा उरली, तर माणूस बोलायचं विसरतो, आणि घरातली माणसं अंधारात उपास करत बसतात.

तुम्ही पळत नाही आहात, ताई. पण तुम्ही लपवता आहात, आणि ते थांबवायला हवं.

लेकीला या आठवड्यात सांगा. परीक्षा आहे, तिला टेन्शन येईल, असं तुम्ही म्हणाल. वीस वर्षांच्या मुलीला घरातली हवा फोनवरूनही कळते. आई आजारी आहे की बाबांशी भांडण झालंय, असले तर्क ती आत्ताच करत असेल, आणि तर्काचं टेन्शन बातमीपेक्षा मोठं असतं. परीक्षा अगदी दोन-तीन दिवसांवर असेल तर ती होईपर्यंत थांबा, त्यापुढे नको. लांबण लावू नका. 'माझी शाळेतली नोकरी जातेय, मी कागदपत्रं बघतेय, तुझ्या फीचं आम्ही ठरवून सांगतो, आणि मला वाईट वाटतंय.' एवढं पुरे. शेवटचं वाक्य गाळू नका, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आईला प्रत्यक्ष जाऊन सांगा. हातांना काही काम असताना सांगा, मेथी निवडताना किंवा शेंगा सोलताना. समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून सांगायला गेलात तर दोघी रडाल आणि सांगायचं राहून जाईल.

आणि मिस्टर. 'झाडांना पाणी घालून घर चालतं का?' हा टोमणा तुम्हाला लागला, आणि लागणारच. पण मला त्यात भीती ऐकू आली. एका पगारात लेकीची फी कशी निघणार, हे ते रात्री जागून मोजत असणार आणि तुम्हाला सांगत नसणार. म्हणजे घरात गप्प बसणारी माणसं दोन आहेत. त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या: नाही, चालत नाही. गच्चीवरच्या भाजीने आठवड्याचा बाजार जरा हलका होतो, घर चालत नाही. मग वही घेऊन बसा. फी, हप्ते, किराणा एकीकडे लिहा. त्यांचा पगार, येणारी ग्रॅच्युइटी आणि शिकवण्यांतून काय मिळेल त्याचा अंदाज दुसरीकडे. तासाभराचं काम आहे. आकडे वाईट निघाले तरी वहीत लिहिलेले आकडे रात्रीच्या आकड्यांइतके भयंकर नसतात.

त्यांच्याकडून बागेचंही एक काम करून घ्या. खत, कोकोपीट, कुंड्या यांवर चार हजार गेले, त्याचं मनाला लागतं, असं तुम्ही लिहिलंय. आता विकत काही आणू नका. तुम्ही उसाच्या मुलखात राहता. तोडणी झालेल्या शेतात पाचट पडलेलं असतं, मागितलं तर शेतकरी पोतंभर आनंदाने देतो. कारखान्यात प्रेसमडचं, म्हणजे उसाच्या रसातून निघालेल्या गाळाचं कंपोस्ट मिळत असेल तर मिस्टरांना एक पोतं आणायला सांगा. पाचट बारीक करून बादलीत मातीवर तीन-चार बोटं जाड पसरा, मेमधलं बरंच पाणी वाचेल. खाली घरातला ओला कचरा आणि पालापाचोळा थरावर थर देऊन कुजवत न्या, दिवाळीपर्यंत तुमची स्वतःची काळी, भुसभुशीत माती तयार होईल. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी सुरू केलेल्या प्रयोग परिवारातल्या माणसांनी महाराष्ट्रात कितीतरी गच्च्यांवर हेच करून दाखवलं. पावसाळ्याआधी गच्चीचे पन्हाळे मोकळे करा, आणि ती फुटकी टाकी मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा खांबाच्या अंगाला सरकवा, ओल्या मातीचं वजन भलतं असतं. बोकड्या आलेल्या मिरचीची फार आशा धरू नका. जास्त आखडलेलं झाड उपटून टाका आणि बाकीच्यांवर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा.

जाऊबाईंच्या नर्सरीबद्दल माझं मत ठाम आहे. एक वर्ष तरी नको. त्यांचा हेतू चांगला आहे, पण नर्सरी म्हणजे पिशव्या भरणं, शेडनेट, टँकरचं पाणी, उधारी, आणि न खपलेली वाळकी रोपं. ते स्वतंत्र कसब आहे आणि त्यात पैसा आधी घालावा लागतो. त्याहून मोठं कारण असं, की ही गच्ची सध्या तुमच्याकडे काही मागत नाही. दोडका आला नाही तर नुकसान बादलीभर मातीचं. तिथे गिऱ्हाईक उभं केलंत की पुन्हा एक केबिन तयार होईल आणि तुम्ही पुन्हा उभ्या असाल. हौसेला लगेच कामाला लावायचं, ही आपल्याकडची घाई मला पटत नाही. मोकळेपणी काही करायची मुभा कष्टकरी बायकांना आधीच फार कमी मिळते.

पोटासाठी तुमच्या हातात असलेलं कसब वापरा. तालुक्याच्या गावात दहावीचं विज्ञान मराठीतून नीट समजावून सांगणारी बाई शोधावी लागते. चार मुलांपासून सुरुवात करा, ओसरीवर. आसपासच्या शाळा मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच शिक्षक शोधतात, तेव्हा अर्जही आत्ताच टाका. 'मला कमी केलं' हे सांगायची लाज बाळगू नका. पट कुठे आणि का घटतोय, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. तुमच्या शिकवण्याचा आणि त्याचा संबंध नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. खाली उतरल्यावर छातीवर दगड येतो, असं तुम्ही लिहिलंय. झोप उडाली असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, जेवण जात नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांकडे जा. बाग हे औषध नाही. जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदा जरी मनात डोकावला, तर त्याच दिवशी टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.

आता घंटा.

माझे वडील पुन्हा बोलते झाले ते पानओव्यामुळे. चाळीत पावसाळ्यात पोरांना खोकला झाला की बायका पोरांना आमच्याकडे धाडायच्या, 'जा, त्यांच्याकडून दोन पानं घेऊन ये.' पोरं गॅलरीत येऊन उभी राहायची. पान देता देता बाबा विचारायचे, कितवीत आहेस? मग पोरं खोकला नसतानाही यायला लागली, भज्यांसाठी. बाबा त्यांना फांदी कशी लावायची ते दाखवायचे. पुढे ते एका इमारतीत वॉचमन म्हणून लागले, तेव्हा आधी त्या पोरांना सांगून मोकळे झाले, आणि संध्याकाळी जेवताना आम्हाला. भोंगा त्यानंतरही ऐकू यायचा. पण तो वाजायच्या आत दाढी करून उभं राहणं बंद झालं होतं. कधी बंद झालं, ते आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून १५ जूनला सकाळी तुम्ही गच्चीवर नसावं, असं मला वाटतं. घंटेकडे कान लावून तांब्या धरून उभ्या राहू नका. झाडांना लवकर पाणी घाला, किंवा पाऊस झाला असेल तर तेही नको, आणि पहिल्या एसटीने वाईला आईकडे जा. दुपारी तिच्या हातचं जेवा, थोडं आडवं व्हा. मुक्काम मात्र करू नका. शाळा सुटायच्या सुमाराला घरी परत या.

अक्षय्य तृतीयेला टोकलेला दोडका तोवर फुलावर आलेला असेल. सुरुवातीला नुसती नर फुलं येतील आणि गळतील, तुम्हाला ठाऊकच आहे, पण मृग निघता निघता एखाद-दुसरं मादी फूलही दिसायला लागेल. काकडी आणि कारली सकाळी फुलतात. दोडक्याचं पिवळं फूल मात्र संध्याकाळी उमलतं, पोरं दप्तर टाकून गल्लीत खेळायला येतात त्या वेळेला. गच्चीवर भुंगे-पतंग फारसे फिरकत नाहीत, तेव्हा परागीभवन हातानेच करावं लागेल. रंगकामाचा एक बारीक ब्रश जवळ ठेवा. गल्लीतल्या दोन-तीन पोरांना हाक मारा, तुमच्या शाळेतली असली तरी मारा. घोसातलं फूल कुठलं आणि एकटं कुठलं, कुठल्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच बसलाय, हे त्यांना शोधू द्या. लगेच सांगू नका.